सा घासतो की बसतो

ताईचा डावा हात गेला तेव्हा सगळे ताईसाठी हळहळले, आणि ते बरोबरच होतं. त्यासोबत बारकीचंही काहीतरी गेलं होतं, पण ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

दोघी सख्ख्या बहिणी एकाच बँडमध्ये वाजवायच्या. ताई कीबोर्डवर, धाकटी बेस गिटारवर. धाकटीला घरीदारी सगळे बारकीच म्हणत. चाळिशी उलटली, कानशिलावरचे केस पांढरे झाले, तरी बारकीच. लग्नं, वाढदिवस, कंपन्यांचे समारंभ, जिथून बोलावणं येईल तिथे बँड जायचा. बँड होता मास्तरांचा. ते ड्रम वाजवायचे आणि नव्या माणसाची ओळख झाली की या दोघींकडे बोट दाखवून हमखास सांगायचे, "यांना एकमेकींकडे बघावंसुद्धा लागत नाही. रक्तातच आहे यांच्या."

खरं तर बारकी सारखी बघतच असायची.

गाणं वरून वाहत असतं आणि त्याच्या खाली कॉर्ड बदलत असतात. तीन-चार सूर एकदम दाबले की एक कॉर्ड. बेस वाजवणाऱ्यानं प्रत्येक कॉर्डच्या पायाचा सूर ती बदलेल त्याच क्षणी द्यायचा असतो. ताई तो पायाचा सूर डाव्या हाताच्या करंगळीनं दाबायची. फार पूर्वी ऐन हंगामात बँडचा बेसवाला सोडून गेला, तेव्हा ताईनं घरात रिकाम्या बसलेल्या बहिणीच्या गळ्यात ते चार जाड तारांचं गिटार अडकवलं होतं आणि सांगितलं होतं, "सध्या माझ्या करंगळीकडे बघ. ती पडेल तो सूर तू वाजव. कान काय, होईल तयार हळूहळू."

बारकीची बोटं तयार झाली. ताल असा पक्का झाला की मास्तर डोळे मिटून तिच्यावर विसंबायचे. करंगळी पडायच्या आधी ताईचं मनगट कसं वळतं हेही तिला पाठ झालं, त्यामुळे ती कधी मागे पडायची नाही. कान मात्र कोरा राहिला. डोळ्यांवर भागत होतं, मग कानाला कोण कशाला त्रास देतंय!

एका सकाळी ताईच्या डाव्या हातातून चहाचा कप सुटला. तो उचलायला ती वाकली आणि तशीच आडवी झाली. दवाखान्यातून घरी आली तेव्हा बोलणं जड झालं होतं पण कळत होतं, डावा पाय ओढत का होईना चालत होता. हात मात्र मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर. बोटं आत वळलेली, झोपलेल्या लहान मुलासारखी.

घर लहान होतं, आणि बारकीही ताईकडेच राहायची. ताईचे यजमान, म्हणजे बारकीचे भाऊजी, दातांच्या कवळ्या बनवायचे. आतल्या खोलीत त्यांचं काम चाले. बाहेर जेवायच्या खोलीतसुद्धा भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले असत आणि घरभर कवळ्यांच्या गुलाबी लगद्याचा उग्र वास असे. "आमच्याकडे माणसांपेक्षा दातच जास्त हसतात," असं ताई पूर्वी आल्यागेल्याला सांगायची. दवाखान्यातून आल्यावर तिनं पहिलं काम काय केलं, तर कीबोर्ड चादरीत गुंडाळून पलंगाखाली सरकवायला लावला. दुसरं म्हणजे भाऊजींच्या टेबलावरचा रेडिओ बंद करवला.

"मला यातलं काही ऐकायचं नाही," ती म्हणाली. "दातांचं मशीन चालू दे. ते बेसूरच आहे, त्याचं काही नाही."

मास्तरांनी ताईच्या जागी एक माणूस घेतला. त्याला बँडमध्ये सगळे 'नवा' म्हणायला लागले. नवा हुशार होता, सभ्य होता, आणि त्याच्या कीबोर्डच्या स्टँडभोवती काळ्या कापडाची झालर होती. ती वरपर्यंत यायची. शिवाय तो बसायचा मास्तरांच्या पलीकडे.

पहिला कार्यक्रम एका लग्नाचा होता. गाणी ओळखीचीच, त्यामुळे बारकीला वाटलं, पाठांतरावर निभावेल. गाणारीचा घसा बसला होता, म्हणून कीबोर्डवरच्या नव्यानं पट्टी खाली घेतली. पट्टी उतरली तशी बारकीनं बोटंही खाली सरकवली. एवढं तिला जमायचं. पण दुसऱ्या कडव्यात नव्यानं आपल्या मनानं वेगळ्या कॉर्ड घातल्या. एकदम खालची जमीन सरकल्यासारखं झालं. बारकीनं मान वळवून बघितलं. काळी झालर. नव्याचा चष्मा. ती जे वाजवत होती ते चुकतंय एवढं तिला नक्की कळत होतं. बरोबर काय, ते कळत नव्हतं. समोर नाचणारी माणसं थांबली नाहीत, पण मास्तरांनी ड्रममागून अशी नजर टाकली की तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"ताईची काळजी आहे, कळतं मला," गाडीत सामान चढवताना मास्तर म्हणाले. "होतं असं."

पुढच्या कार्यक्रमात तेच झालं. त्याच्या पुढच्यात तिनं आवाजाचं बटण इतकं खाली केलं की बेस आहे की नाही तेच कळेना. त्या दिवशी मास्तरांनी तिला बाजूला घेतलं.

"बारके, काळजीचं सोंग किती दिवस घेणार? तुला कॉर्ड कळत नाहीत का?"

"कळतात की."

"पंपांच्या कारखान्याचा वार्षिक समारंभ आहे पुढच्या महिन्यात. तिथले कामगार स्वतः गाणार. कोण काय गाईल, कुठल्या पट्टीत गाईल, त्यांचं त्यांना माहीत नसतं. तिथे कान लागतो. पाठांतर चालणार नाही." मग जरा खालच्या आवाजात, "मला हो-नाही काय ते सांग. मला माणूस बघायला वेळ हवा."

"जमेल," बारकी म्हणाली. पाचावर धारण बसलेली असताना माणूस हेच म्हणतो.

तिनं फोनवर कान तयार करायचं एक अ‍ॅप घेतलं. त्यात पियानोवर चार कॉर्ड वाजायच्या आणि आपण आकडे दाबायचे. पहिली, चौथी, पाचवी, सहावी. प्रत्येक गाण्याला एक घर असतं, ती पहिली. बाकीच्या घरापासून किती लांब, त्यावरून त्यांचे आकडे. समजायला सोपं होतं. ऐकायला बसली की चारही कॉर्ड तिला एकाच नळाचं पाणी वाटायच्या. चुकलं की पडदा लाल व्हायचा आणि एक यांत्रिक बाई गोड आवाजात सांगायची, "पुन्हा प्रयत्न करा." बारकी न्हाणीघरात जाऊन ऐकायची, जिन्यात ऐकायची, ताईच्या औषधांच्या रांगेत उभी राहून ऐकायची. फासे टाकले असते तरी जास्त बरोबर आले असते. आठवडा गेला आणि पालथ्या घड्यावर पाणी. एकदा तिनं फोन जिन्याच्या पायरीवर आपटला आणि मग घाबरून उचलून कानाला लावला, तर बाई म्हणतेच आहे, पुन्हा प्रयत्न करा.

"काय चाललंय जिन्यात?" भाऊजींनी दारातून विचारलं. त्यांच्या हातात अर्धी घासलेली कवळी होती.

बारकीनं सांगून टाकलं. जिन्याच्या पायरीवर बसून, भिंतीकडे बघत, सगळं. भाऊजींनी ऐकून घेतलं आणि कवळीवरची पूड फुंकली.

"एवढं मोठं विद्यापीठ घरात पलंगावर बसलंय आणि तू त्या फोनकडे शिकतेस?"

"तिच्यासमोर गाण्याचा ग काढायची सोय नाही, भाऊजी."

"ते खरं आहे," ते म्हणाले. "पण मग करणार काय?"

ताईच्या बोटांचा व्यायाम बारकीच करून घ्यायची. अंगठ्यापासून सुरुवात, एकेक बोट धरून हळूच सरळ करायचं, थांबायचं, सोडायचं. त्या दुपारी ती करंगळीपर्यंत आली आणि करंगळी हातात धरून तशीच बसली.

"झोप लागली का?" ताईनं विचारलं.

"ताई, मला कॉर्ड ऐकू येत नाहीत."

"कानाला काय झालं?"

"कानाला काही नाही झालं. कधीच येत नव्हत्या. मी हिच्याकडे बघून वाजवायचे."

ताईनं करंगळीकडे बघितलं. "ते सुरुवातीला."

"आजपर्यंत."

ताईला समजायला वेळ लागला. मग तिनं विचारलं, "मग इतकी वर्षं स्टेजवर तू ऐकत काय होतीस?"

"तुला बघत होते."

ताई हसली. उजवीकडचा ओठ वर गेला, डावा जागीच राहिला. "मास्तर म्हणायचा रक्तात आहे," ती म्हणाली आणि आणखी हसली, आणि ते हसणं कुठे बदललं ते बारकीला कळलंच नाही. ती रडत होती. बारकीनं पुसायला हात पुढे केला तर ताईनं तो उजव्या हातानं झटकला.

"मी तिकडे काय वाजवत होते ते तू कधी ऐकलंच नाहीस. एकदासुद्धा. ऊठ. हे करून घेतील व्यायाम."

दोन-तीन दिवस ताई तिच्याशी बोलली नाही. पाणी हवं असलं तर भाऊजींना सांगायची, "तिला म्हणावं पाणी दे," आणि बारकी समोरच उभी असायची. भाऊजी बिचारे दोघींच्या मध्ये निरोप्यासारखे फिरत राहिले. समारंभ जवळ येत होता. मास्तरांचा फोन आला की बारकी न्हाणीघराची कडी लावून बोलायची, "हो, चाललंय, होईल." एकदा तिथेच जमिनीवर बसून तिनं हिशेब केला की बेस सोडून आपल्याला काय येतं. काहीच येत नव्हतं. कवळ्या घासायला भाऊजींनी एकदा शिकवलं होतं, तेव्हा तिनं कुणाचा तरी सुळा तोडला होता.

मग एका सकाळी ताई भिंतीला धरून बाहेर आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ते पलंगाखालचं काढ."

कीबोर्ड जेवायच्या टेबलावर ठेवला. ताईनं बारकीला पाठमोरं बसवलं, तोंड प्लास्टरच्या जबड्यांकडे.

"माझ्याकडे बघायचं नाही. वळलीस तर मी उठून जाईन. म्हणजे, उठायला वेळ लागेल, पण जाईन."

उजव्या हातानं तिनं एक कॉर्ड दाबली. "हे घर. यातला सा गुणगुण. सोडायचा नाही, काही झालं तरी. आता मी दुसरी कॉर्ड वाजवते. तू सा धरूनच ठेव. आणि मला एवढंच सांग, तो तिच्यात बसतो की घासतो?"

बारकीनं सा धरला. ताईनं कॉर्ड बदलली.

"बसतो... बहुतेक."

"बहुतेक बिहुतेक नाही. चप्पल पायात बसते तेव्हा तू बहुतेक म्हणतेस का? घासतो की बसतो?"

"घासतो."

"ही चौथी होती. चौथीत सा बसतो. पुन्हा."

पुन्हा झालं. परत पुन्हा झालं. पाचवीत सा घासतो, कारण त्या कॉर्डमध्ये सा नाहीच. ती अस्वस्थ असते, तिला घरी जायचं असतं. चौथीत आणि सहावीत सा असतो, म्हणून तिथे बसतो. ताई सांगायची ते बारकीच्या डोक्यात लख्ख शिरायचं आणि कॉर्ड वाजली की विझायचं. तिला वाटेल तसं ती उत्तर द्यायची, आणि ताईला ते कळायचं. ताई लवकर दमायची. दमली की चिडायची. चिडली की शब्द आणखी जड व्हायचे आणि मग त्यावरून आणखी चिडायची.

"कान आहेत का भोकं आहेत तुला?"

"तू फार भरभर बदलतेस."

"भरभर? एका हातानं मी भरभर काय करणार गं? खाली काही नाहीये माझ्या! नुसतं वरवरचं वाजतंय, मला ऐकवत नाहीये ते, तरी मी तुझ्यासाठी बसलेय!"

"मग नको बसूस! मला तरी कुठे हवंय हे?" बारकी वळली. न वळण्याचं वचन कुठल्या कुठे गेलं. "तू बरी झालीस की मला हे काही लागणारच नाहीये!"

आत भाऊजींचं मशीन थांबलं.

ताई बहिणीकडे बघत राहिली. तिचा राग ओसरला होता आणि त्याच्या जागी जे आलं होतं ते रागापेक्षा वाईट होतं.

"बारके," ती म्हणाली, "हा हात नाही येणार आता. डॉक्टरांनी मागेच सांगितलं. यांना माहीत आहे."

बारकीनं दाराकडे बघितलं. भाऊजी दारात उभे होते आणि त्यांनी खाली मान घातली.

"मला नाही सांगितलंत."

"तू रोज बोटं सरळ करत होतीस," भाऊजी म्हणाले. "कसं सांगणार?"

बारकी उठून बाहेर गेली. रस्त्यानं चालत राहिली, वळणावर वळली, कपडे धुण्याच्या दुकानापाशी थांबली, कुठे जायचं ते कळेना म्हणून तिथल्या बाकावर बसली. मोठी मशीनं फिरत होती. करंगळी परत येईल, काळी झालर जाईल, नवा जाईल, आपण थोडे दिवस कसेतरी काढायचे आहेत, अशा समजुतीवर ती इतके आठवडे जगत होती, हे तिला तिथे बसल्यावर कळलं. अ‍ॅप उघडतानाही मनातून ती ताईची वाटच बघत होती. आता वाट बघायला काही उरलं नव्हतं. ती तोंड झाकून रडली. शेजारी बसलेल्या बाईनं काही न विचारता आपली कपड्यांची पिशवी उचलून बारकीला ऐसपैस जागा करून दिली.

घरी आली तेव्हा ताई खुर्चीतच होती. बारकी जबड्यांकडे तोंड करून बसली आणि सा धरला.

कानात एकदम उजेड पडला वगैरे असं काही झालं नाही. पण त्या दिवसापासून ती अंदाज सांगायची बंद झाली. कळलं नाही की "कळलं नाही" म्हणायची आणि ताई तीच कॉर्ड पुन्हा दाबायची, न ओरडता. हळूहळू पाचवी सापडली. गळ्यात धरलेला सा तिथे खरोखर घासायचा, दाराच्या चौकटीत फुगलेलं लाकूड घासतं तसा. मग चौथी. सहावी मात्र पहिलीचं सोंग घेऊन यायची आणि बारकी फसायची.

"सहावी म्हणजे घरच, पण कुणीतरी नुकतंच निघून गेल्यावरचं," ताई एकदा म्हणाली, आणि मग स्वतःच वैतागून, "छे, हे काहीतरीच. खालचा सूर ऐक, तोच तुझं काम आहे."

समारंभाच्या सकाळपर्यंत दहातली सहा-सात उत्तरं बरोबर यायला लागली. "घोडामैदान जवळच आहे," ताई म्हणाली. "जे कळणार नाही तिथे गप्प राहा. चुकीच्या सुरापेक्षा रिकामी जागा बरी."

कारखान्याच्या कँटीनमध्ये टेबलं भिंतीला लावून मधे जागा केली होती. पहिलं गाणं हिशेब विभागातल्या एका बाईंचं. नव्यानं पट्टी शोधली. बारकीनं तोंडातल्या तोंडात सा धरला आणि आवाज बारीक ठेवून तारेवर शोधला. सापडला. घर. मग काहीतरी बदललं, बसत होतं, चौथी असावी, ती उशिरा पोचली. मग घासलं, पाचवी, हे वेळेवर. घामानं बोटं निसटत होती. कडव्यात दोन ठिकाणी तिला काहीच कळलं नाही आणि तिनं तारांवर तळवा ठेवून गप्प राहणं पत्करलं. त्या रिकाम्या जागा तिला खड्ड्यांएवढ्या मोठ्या वाटल्या. मास्तर एकदा बघून पुन्हा समोर बघायला लागले.

दुसऱ्या गाण्यात ती सहावीवर सपशेल आपटली. तिसऱ्यात दोन वेल्डर मिळून गायले, एक एका पट्टीत आणि दुसरा दुसऱ्या. तिथे नवाही हरला आणि सगळे हसले. मग गोदामातले एक म्हातारे गृहस्थ आले. निवृत्त होणार होते. त्यांनी एक संथ गाणं धरलं, बारकीनं कधी न ऐकलेलं. नव्यानं खाली कॉर्ड घातल्या आणि बारकीनं डोळे मिटले. झालरीकडे बघायची इच्छा होईल म्हणूनच मिटले. पहिली. खाली काहीतरी रितं झालं, सा मात्र बसलेलाच, सहावी. चौथी. आता घासणार, असं वाटलं आणि घासलं. तिचं बोट त्याच क्षणी पडलं होतं. म्हातारे सुरात नव्हते, पण खाली सगळं जागच्या जागी होतं, आणि तिला ते ऐकू येत होतं. नवा काय करतोय, आता कुठे निघालाय. पुढच्या फेरीत एक अनोळखी कॉर्ड आली. तिथे ती गप्प राहिली. मग पुन्हा घर. तिच्या गालांवरून पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. म्हाताऱ्यांना वाटलं, आपल्याच गाण्यानं आलं. जाताना त्यांनी तिला नमस्कार केला.

परतताना गाडीत मास्तर पुढून मागे तिच्याशेजारी येऊन बसले.

"शेवटचं चांगलं झालं," ते म्हणाले. "मेहनत घेतलीस, दिसलं मला."

"अजून थोडे दिवस द्या, मास्तर."

मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. "नवा डाव्या हातानं बेसही वाजवतो. कीबोर्डवरच. मागच्या आठवड्यात त्यानं दाखवलं. गाडीत एक माणूस कमी, सामान कमी. मी त्याला हो म्हणून बसलोय."

"मागच्या आठवड्यात?"

"तुला आजचं तरी वाजवू द्यावं म्हटलं."

नवा पुढच्या सीटवर होता. त्याला सगळं ऐकू जात होतं आणि त्याची मान ताठ झाली होती. उतरताना तो तिच्या हातातून गिटारची पेटी घ्यायला पुढे आला. तिनं दिली नाही.

घरी ताई जागीच बसून होती. बारकीनं पेटी भिंतीला टेकवली आणि म्हाताऱ्यांच्या गाण्यापासून गाडीतल्या बोलण्यापर्यंत सगळं सांगितलं. "शिकून काय उपयोग झाला, ताई? कालपर्यंत काही येत नव्हतं तेव्हा काम होतं. आता येतंय तर हाकललं."

ताईनं मास्तरांना एक सणसणीत शिवी दिली. जिभेचा जडपणा तिथे आड आला नाही. भाऊजींनी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

"ते म्हातारे," शेवटी ताई म्हणाली. "त्यांचं कसं गेलं?"

"पहिली, सहावी, चौथी, पाचवी." बारकी भिंतीकडे बघून सांगत होती. "दुसऱ्या फेरीत चौथीच्या जागी काहीतरी वेगळंच आलं. सा घासत होता. पण पाचवी नव्हती. तिला घरी जायची घाई नव्हती."

"दुसरी. ती तुला शिकवायचीच राहिली." ताईनं उजवा हात टेबलावर फिरवला, कीबोर्ड तिथे नव्हता, जेवणासाठी बाजूला ठेवला होता. "तुला ऐकू आली म्हणजे. बरोबर जागी थांबलीस."

"त्यानं काय पोट भरतं?"

"नाही भरत," ताई म्हणाली.

पुढचे दिवस वाईट गेले. बारकीनं ओळखीच्या सगळ्या बँडवाल्यांना फोन केले. कुणाकडे माणूस होता, कुणाला तरुण हवा होता, कुणाच्या कानावर मास्तरांकडचं आधीच गेलेलं होतं. वर आणखी एक छळ सुरू झाला. ऐकणं आता बंद करता येईना. औषधांच्या दुकानात जाहिरात वाजली की कानात चौथी-पाचवी-पहिली. कपडे धुण्याच्या दुकानातल्या रेडिओवर सहावी आली की तिच्या छातीत कळ उठायची. ताईच्या सोबत दवाखान्यात बसली असताना भिंतीवरच्या टीव्हीत कसलंसं संगीत लागलं आणि दोघींनी एकदमच मान वर केली.

"तिसरी," ताई पुटपुटली.

"माहीत नाही अजून मला ती," बारकी चिडून म्हणाली.

बंदराजवळच्या एका हॉटेलात दुपारी वाजवणारी एक मंडळी होती. त्यांची म्होरकी अकॉर्डियन वाजवायची, जाड आवाजाची, ठेंगणी बाई. तिनं फोनवर विचारलं, "कान कसा आहे?" आणि बारकीच्या तोंडून खरं निघून गेलं. खोटं बोलायचीही ताकद उरली नव्हती. "चार-पाच कॉर्ड कळतात. बाकीच्या नाही. शिकतेय."

पलीकडून प्रश्न आला, "या वयात?"

"हो."

"ये तर खरी. बघू."

हॉटेलात खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या होत्या, फरशी ओली होती. बारकीनं तारा जुळवल्या. अकॉर्डियनवाल्या बाईचा डावा हात पट्ट्याच्या आड, बटणांवर. दिसण्याचा प्रश्नच नव्हता. गाणं सुरू झालं. घर सापडलं, चौथी सापडली, सहावीला ती अर्धी पायरी घसरली आणि सावरली. मग मध्येच असं काही आलं की सा कुठे ठेवावा तेच कळेना. बारकीनं तारांवर तळवा ठेवला. फेरी पुन्हा आली, ती जागा पुन्हा जवळ यायला लागली, आणि तिचा धीर सुटला. ती ओरडली, "ही कुठली? आत्ता येतेय ती?"

इतक्या वर्षांत वाजवताना तिनं कधी कुणाला काही विचारलं नव्हतं.

"तिसरी!" बाई अकॉर्डियनच्या वरून ओरडली. "ही बघ... आली! धर!"

तिनं धरली. जरा उशिरा.

"रविवारी ये," गाणं संपल्यावर बाई म्हणाली आणि पट्टा खांद्यावरून उतरवला. "कायमचं काही सांगत नाही. आमचा बेसवाला बायकोच्या बाळंतपणाला गेलाय, तो आला की तुझं तू बघ. आणि तिसरी घरी नीट बसव, फार लोंबकळत होतीस तिथे."

बारकी बसथांब्यावर उभी राहिली. थोड्या दिवसांचंच काम होतं, तेही दुसऱ्याच्या जागेवरचं. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं. तिनं ताईला फोन लावला.

"रविवारपर्यंत तिसरी बसवायची आहे," ती म्हणाली.

"मग ये लवकर," ताई म्हणाली. "संध्याकाळी मी दमते."